मान दिसतो, दिवस दिसत नाही

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की करिअरवर बोलणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. पुरवण्या निघतात, मेळावे भरतात, तज्ज्ञांच्या मुलाखती होतात आणि तोच वाद दरवर्षी नव्याने घातला जातो: मुलांनी आवडीचे शिकावे की नोकरी देणारे? दोन्हीकडचे लोक तळमळीने बोलतात. पण ज्या कामांतून निवड करायची ती कामे मुलाला ठाऊक आहेत, असे दोघेही गृहीत धरून चालतात आणि तिथेच ही सगळी चर्चा उथळ होते. पंधरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांचे काम थोडेफार माहीत असते, शिक्षकांचे रोज दिसते. बाकीच्या व्यवसायांची त्याला फक्त नावे माहीत असतात.

चेन्नईच्या अण्णा नगरात हे विशेष स्पष्ट दिसते. १९६८ साली इथे मोठे व्यापारी आणि औद्योगिक प्रदर्शन भरले, त्यासाठी १३५ फुटांचा विश्वेश्वरय्या मनोरा उभा राहिला आणि गृहनिर्माण मंडळाने आखलेल्या रस्त्यांवर सुशिक्षित मध्यमवर्गाची वस्ती वाढली. आज या वस्तीत नीट, जेईई आणि यूपीएससीच्या शिकवण्यांची दाटी आहे. दहावीनंतर ‘फर्स्ट ग्रुप’ म्हणजे गणित-जीवशास्त्र मिळाले की नाही, हा इथल्या घरांतला मोठा प्रश्न असतो. बारावीनंतर दोनशेपैकी कटऑफ किती, हा त्याहून मोठा. कोणत्या कॉलेजात कोणती शाखा किती कटऑफला बंद होते, हे अकरावीतला मुलगा तोंडपाठ सांगेल. त्या शाखेतून बाहेर पडलेला अभियंता सकाळी दहा वाजता नेमके काय करत असतो, हे त्याला विचारले तर तो गप्प बसेल.

खरे तर अण्णा नगरातून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात कामाचे केवढे मोठे जग आहे! विल्लिवाक्कमच्या बाजूला १९५५ साली सुरू झालेली इंटिग्रल कोच फॅक्टरी आहे. २०१८ साली पहिली वंदे भारत गाडी तिथेच तयार झाली. पश्चिमेला पाडी आणि त्यापुढे अंबत्तूरची औद्योगिक वसाहत. तिथे लेथवर सुटे भाग कातणाऱ्या छोट्या कारखान्यांपासून संगणक कंपन्यांपर्यंत सर्व काही आहे. दक्षिणेला कोयंबेडूचा घाऊक बाजार, जिथे नाशिकचा कांदा रात्री ट्रकमधून उतरतो आणि उजाडण्याआधी त्याचे भाव ठरलेले असतात. जवळच किल्पौकचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. वेल्डर, डिझाइन करणारा अभियंता, अडत्या, हमाल, हिशेबनीस, परिचारिका, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ असे सगळे एका बसच्या अंतरावर आहेत. शाळेच्या वेळापत्रकात मात्र तिथे जाण्याचा रस्ता नाही.

ही उणीव भरून काढायला एक उपाय हमखास पुढे केला जातो: चाचणी. प्रत्येक मुलात एक कल असतो, तो प्रश्नावलीने मोजता येतो आणि योग्य व्यवसायाशी जुळवता येतो, असे हे मत आहे. मला ते घातक वाटते. शास्त्राचा वेष असल्यामुळे ते पालकांना पटते, शाळेला सोयीचे पडते आणि सरकारला स्वस्तात अंमलात आणता येते. म्हणून त्याच्याशी सविस्तर वाद घातला पाहिजे.

महाराष्ट्राने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. २०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांची संगणकावर कल चाचणी घेतली गेली. क्षेत्रे सात होती: कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. हेतू चांगला होता. ग्रामीण मुलाला फुकट मार्गदर्शन मिळावे, ही इच्छा मोलाची होती. पण या सातांतले शेवटचे क्षेत्र नीट पाहा. पोलीस शिपाई, अग्निशामक दलाचा जवान, तुरुंगरक्षक, नौदलातला अधिकारी यांच्या दिवसांत काय साम्य आहे? एक जण बंदोबस्तात आठ-दहा तास उभा राहतो, दुसरा दिवसभर सज्ज राहून एका हाकेची वाट पाहतो, तिसरा त्याच भिंतींच्या आत पाळी संपवतो, चौथा अनेक महिने समुद्रावर असतो. त्यांना एकत्र आणले ते अंगावरच्या कपड्यांनी. गणवेश आवडतो असे सांगणाऱ्या मुलाने या कामांबद्दल काहीच सांगितलेले नसते. समाज ज्याला सलाम करतो ते आपल्याला मिळावे, एवढेच तो सांगत असतो. अशा उत्तराची नोंद ‘कल’ म्हणून करणे ही मोजमापातली मूलभूत चूक आहे.

चाचणीचे समर्थक म्हणतील की वर्गवारी सुधारता येते. जरूर सुधारा, पण दोष त्याने जात नाही. आवडींच्या प्रश्नावल्या विचारतात: यंत्र दुरुस्त करायला आवडेल का, आजाऱ्याची शुश्रूषा करायला आवडेल का, हिशेब तपासायला आवडेल का? ज्याने आंबा कधी चाखलेलाच नाही त्याला हापूस आवडतो की पायरी, असे विचारण्यासारखे हे आहे. मूल उत्तर देतेच, कारण प्रश्नाला उत्तर द्यायचे असते हे शाळेने त्याला शिकवलेले असते. ते उत्तर येते कुठून? घरात कोणत्या कामाचे नाव आदराने घेतले जाते, सिनेमात काय पाहिले, मुलीने कशाला हो म्हणावे आणि मुलाने कशाला, यांतून. डॉक्टरांच्या मुलीचा ‘कल’ वैद्यकाकडे निघतो आणि हमालाच्या मुलाचा गणवेशाकडे, तेव्हा प्रश्नावलीने त्या दोघांच्या घरांचा पत्ता शोधलेला असतो. पुढे तोच पत्ता आकडेवारीचा शिक्का मारून त्यांना परत दिला जातो.

व्यवसाय मार्गदर्शनाचा पाया घालणाऱ्या फ्रँक पार्सन्सकडे या मंडळींनी पुन्हा एकदा वळावे. १९०८ साली बोस्टनमध्ये त्याने मार्गदर्शन केंद्र काढले आणि त्याच वर्षी तो गेला. त्याचे पुस्तक १९०९ मध्ये मागाहून प्रसिद्ध झाले. त्याने तीन गोष्टी मागितल्या होत्या: स्वतःची ओळख, कामांची ओळख आणि या दोहोंचा मेळ घालणारा विचार. पुढच्या शंभर वर्षांत पहिल्या गोष्टीभोवती चाचण्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. दुसरी गोष्ट माहितीपत्रकांवर सोपवली गेली. जिथे एक बाजू मोजलेली आणि दुसरी कोरी आहे, तिथे मेळ घालणार तरी कशाचा?

क्षमतांच्या चाचण्यांबद्दल मी हे म्हणत नाही. आकृती मनात फिरवून पाहता येते का, शब्दांवर पकड किती आहे, हे मोजता येते आणि त्याचा उपयोगही होतो. १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथे गिलफर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्यांचे काम बारकाईने झाले आहे. पण क्षमता चाचणी मुलाला काय जमू शकेल ते सांगते. कशात तो वर्षानुवर्षे टिकेल, हे ती सांगत नाही. ज्याला दहा गोष्टी जमू शकतात त्याचा प्रश्न तर तिने आणखी अवघडच होतो.

इतर मतांसाठी एकेक वाक्य पुरे. ‘स्वप्नाचा पाठलाग करा’ सांगणारे वक्ते यशस्वी झालेल्यांनाच व्यासपीठावर बोलावतात. ‘बाजार काय मागतो ते शिका’ म्हणणाऱ्यांना पाच वर्षांनंतरचा बाजार ठाऊक नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता सगळेच बदलणार’ हे खरे असले, तरी त्यातून चौदा वर्षांच्या मुलीने सोमवारी काय करावे हे निघत नाही.

माझ्या मते सगळा गुंता एका भेदापाशी येऊन थांबतो. प्रत्येक व्यवसायाला एक मान असतो आणि एक दिवस असतो. मान म्हणजे पद, पगार, लग्नाच्या बाजारातली किंमत, दारावरची पाटी. दिवस म्हणजे सकाळी कामावर गेल्यापासून परत येईपर्यंतचे तास: कोणाशी बोलावे लागते, कशाची वाट पाहावी लागते, काय पुन्हा पुन्हा करावे लागते, चूक झाली तर कोणाचे नुकसान होते. मान दुरूनही दिसतो, म्हणून मुले तोच निवडतात. आयुष्य मात्र दिवसात काढायचे असते. अण्णा नगरच्या वसतिगृहांतून ऐन तारुण्याची वर्षे नागरी सेवेच्या परीक्षेला देणारे तरुण राहतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण जिल्हाधिकाऱ्याचा एक पूर्ण दिवस, त्यातल्या फायली, बैठका, तक्रारी, वरून येणारे दूरध्वनी, त्यांच्यापैकी कितींनी जवळून पाहिला असेल? नवख्या वकिलाचा दिवस तारखा घेण्यात जातो. सनदी लेखापालाकडे उमेदवारी करणारा मुलगा महिनोन्महिने व्हाउचर तपासतो. हा दिवस ज्याला सोसवतो, किंवा ज्याला त्यात गोडी वाटते, तोच त्या व्यवसायात समाधानाने राहतो.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो चेन्नईतच सर्वांत नीट समजतो. मुलांना शाळेतून कामाकडे नेण्याची भाषा या शहराने पूर्वी ऐकली आहे. १९५३ साली मुख्यमंत्री राजाजींनी मद्रास राज्याच्या प्राथमिक शाळांसाठी योजना आणली: मुलांनी रोज तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायात शिकावे. विरोधकांनी तिला कुलक्कल्वी, म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हटले. पेरियार आणि द्रविड पक्ष रस्त्यावर उतरले, १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना रद्द केली. तो विरोध योग्यच होता. ज्या समाजात बलुतेदारीने माणसाचे काम जन्माआधी ठरवले, ज्याच्याबद्दल बाबासाहेबांनी १९३६ साली इतक्या स्पष्टपणे लिहिले, तिथे चांभाराच्या मुलाला अर्धा दिवस चांभारकीकडे पाठवणे म्हणजे शाळेने जातीला हातभार लावणे होते.

पण त्या योजनेचे पाप कशात होते, ते नेमके सांगितले पाहिजे. मुलाला कामाचा दिवस दाखवला, हे पाप नव्हते. त्याला एकच दिवस दाखवला, आणि तोही बापाचा, हे होते. त्याच्यावरचा उपाय काम झाकून ठेवणे हा नाही. मुलाला दुसऱ्याच्या घरचे काम दाखवणे, हा आहे. शल्यविशारदाच्या मुलीने अंबत्तूरच्या लेथसमोर उभे राहावे आणि लेथ चालवणाऱ्याच्या मुलीने शस्त्रक्रियागृहाची, न्यायालयाची, हिशेब तपासनिसाच्या कचेरीची सकाळ पाहावी. आजची व्यवस्था नेमके उलटे करते. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर बंदी आली, पण शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करायला सूट राहिली. म्हणजे घरच्या कामाला कायद्याने वाट ठेवली आणि परक्याचे काम नुसते पाहायला शाळेने वाट काढलेली नाही. न्यायाधीशाचा मुलगा जेवणाच्या टेबलावर न्यायालय शिकतो. हमालाच्या मुलाला ते कोण शिकवणार? निवडीतली खरी विषमता इथे आहे.

शाळेत हे करता येत नाही, असे कोणी म्हणू नये. हिंदुस्थान लीव्हरमधले संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांत गेला आणि आठवी ते दहावीची मुले वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, अन्नप्रक्रिया स्वतःच्या हातांनी करू लागली. जर्मनी आणि फिनलंडमध्ये शाळकरी मुले काही दिवस किंवा आठवडे प्रत्यक्ष कामाच्या जागी काढतात. तमिळनाडूची २०२२ सालची ‘नान मुदल्वन’ योजना सरकारी शाळांतल्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट दाखवते. हे मोठे काम आहे, पण शाळेपुरती त्याची नजर प्रवेशावर आहे, कामावर नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आहेत. तमिळनाडूने ते धोरण स्वीकारलेले नाही. ज्यांनी स्वीकारले त्यांनीही सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी थांबू नये. या यादीत वकील, परिचारिका आणि लेखापाल आले नाहीत, तर गरिबांच्या मुलांना त्यांचेच जग दाखवून आपण परत येऊ.

माझी मागणी मोजकी आहे. आठवी, नववी आणि दहावीत प्रत्येक मुलाने दर वर्षी तीन कामांच्या जागी प्रत्येकी सलग दोन दिवस काढावेत. त्यांतली एकही जागा घरच्या व्यवसायाची नसावी, आणि किमान एक जागा घरात जिचे नाव आदराने घेतले जात नाही अशी असावी. काम सुरू होते तेव्हा पोहोचावे आणि संपते तेव्हाच निघावे. यंत्राला हात लावायचा नाही, मजुरी करायची नाही, सोबत शिक्षक हवाच. परत आल्यावर मुलाने लिहावे: त्या माणसाचे तास कशात गेले, कंटाळा कुठे आला, चूक कशी सुधारली, दहा वर्षांनी त्याला किती पगार मिळेल. कारखाने आणि कचेऱ्या दारे उघडणार नाहीत, ही सबब मला मान्य नाही. एका शाळेने मागितले तर कदाचित उघडणार नाहीत. पण शिक्षण खात्याने मागितले, तर रेल्वेचा कारखाना, सरकारी रुग्णालय आणि बाजार समिती नकार देऊ शकत नाहीत. या संस्था जनतेच्याच आहेत.

त्यानंतर चाचणी घ्या, समुपदेशकाला बोलवा, कटऑफचे तक्तेही काढा. अठरा दिवस पाहिलेल्या मुलाचे उत्तर त्याचे स्वतःचे असेल. त्याआधी घेतलेले उत्तर त्याच्या घराचे असते, आणि त्यावर एका मुलाचे आयुष्य बेतण्याचा अधिकार शाळेला नाही.