केळणा-जुईच्या बेचक्यातील रणभूमी

केळणा आणि जुई या दोन नद्या जेथे जवळ येत जातात, त्या बेचक्यात आजच्या जालना जिल्ह्यातील असई हे गाव वसले असून, २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात याच जमिनीवर झालेल्या लढाईने दक्षिणेतील मराठी सत्तेचे भवितव्य बव्हंशी ठरवून टाकले. पानिपतानंतर दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत पोचले होते. असईनंतर मात्र तसे सावरणे झाले नाही आणि पंधरा वर्षांच्या आत पेशवाईच संपली. तरीही पानिपतावर मराठीत बखरी, कादंबऱ्या, नाटके आणि व्यासंगी ग्रंथ यांची अखंड परंपरा उभी राहिली, तर असई शालेय पुस्तकातील एका ओळीपलीकडे क्वचितच गेली. या विस्मरणात मराठी समाजाचे मोठे नुकसान आहे, कारण असईची कहाणी ज्या आधाराने सांगता येते तो मुख्य आधार तेथील जमीन हाच आहे.

ही जमीन वरवर पाहता साधी काळीभोर शेतजमीन आहे. मात्र केळणेचे काठ उंच आणि उभे असल्यामुळे तोफांचे गाडे व बैल घेऊन ती कोठूनही ओलांडता येत नव्हती. त्यासाठी उतार, म्हणजे पात्र उथळ आणि काठ सखल असल्याने माणसे, गुरे व गाडे पार होऊ शकतात अशी जागा, सापडणे आवश्यक होते. मराठी छावणी नदीच्या उत्तर काठाने भोकरदनपासून असईपर्यंत काही कोस पसरलेली होती, आणि समोरून नदी ओलांडणाऱ्या शत्रूला शंभराच्या आसपास तोफा भाजून काढतील, असा हा बंदोबस्त होता. जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूमुळे जगभर माहीत झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच्याकडे सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य होते आणि त्याखेरीज म्हैसूरचे व खुद्द पेशव्यांचे घोडदळ होते. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी येऊन मिळण्याची वाट न पाहता त्याने मराठी फळीच्या डाव्या बगलेकडे मोर्चा वळवला. पुढे उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले असतानाही दुर्बिणीतून त्याला पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली, आणि इतकी जवळ वसलेली गावे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहणार नाहीत, या तर्कावर त्याने सैन्य तिकडे नेले. उतार खरोखरच तेथे होता. ग्रामीण वस्तीची रोजची रहदारी एका साम्राज्याच्या कामी आली ती अशी, आणि ही गोष्ट कोणत्याही नकाशापेक्षा त्या काठावर उभे राहून अधिक स्पष्ट कळते.

मात्र नदी ओलांडली म्हणजे लढाई जिंकली असे झाले नाही, आणि इंग्रजी कथनात बहुधा दुय्यम ठरणारा भाग येथूनच सुरू होतो. शिंद्यांच्या कंपूंनी, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पायदळाच्या पलटणींनी, हॅनोव्हरच्या पोलमन या सेनापतीच्या हाताखाली आपली लांबलचक फळी काटकोनात वळवून केळणा आणि जुई यांच्या मधल्या पट्ट्यात नव्याने उभी केली. ऐन शत्रूसमोर, तोफखान्यासह, अशी फळी बदलणे ही अत्यंत अवघड कवायत होती आणि ती इतक्या सफाईने होईल, अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. दोन नद्यांनी दोन्ही बगला सांभाळल्या, पण त्याच नद्यांनी मैदान इतके चिंचोळे केले की, हल्ला तोफांच्या तोंडावरच करावा लागला. कंपनीच्या तोफांचे बैल मारले गेले, तोफा मागे राहिल्या आणि पायदळ संगिनी रोखून पुढे सरकले. असईच्या मातीच्या भिंतींकडे भरकटलेली ७४वी हायलँडर पलटण जवळजवळ कापली गेली. मराठी गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजी फळी पुढे गेल्यावर उठून त्यांनी तोफा तिच्या पाठीवर फिरवल्या. कंपनीकडील ४२८ माणसे ठार व हजाराहून अधिक जखमी झाली, तर शिंद्यांच्या ९८ तोफा तिच्या हाती पडल्या. संख्येच्या मानाने इतकी रक्तरंजित लढाई दुसरी पाहिली नाही, असे मत वेलिंग्टनने पुढेही कायम ठेवले.

या लढाईचे स्मरण जपले गेले ते मुख्यतः पलटणींच्या परंपरेत. कंपनीने तीन ब्रिटिश पलटणींना मानाची निशाणे दिली, हत्तीचे चिन्ह दिले, आणि कंपनीच्या बाजूने लढलेल्या मद्रासी शिपायांच्या पलटणींचा वारसा सांगणाऱ्या आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरही असईचा हत्ती आहे. स्वतंत्र भारताच्या सैन्याने मात्र असईचा युद्धसन्मान, म्हणजे लढाईचे नाव निशाणावर मिरवण्याचा मान, देशवासीयांविरुद्ध मिळवलेला असल्याने अप्रशस्त ठरवला. हा निर्णय योग्यच होता. पण सन्मान नाकारल्यावर जी जागा रिकामी झाली, ती दुसऱ्या कोणत्याही स्मरणाने भरली गेली नाही. पडलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावे नोंदलेली आहेत, मद्रासी शिपाई बहुतांशी आकड्यांत उरले आणि शिंद्यांचे गोलंदाज आकड्यांतही नीट उरले नाहीत. ज्यांची नावेच ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी नामावलीचा शिलालेख कोरता येत नाही. त्यांनी कोठे पाय रोवले, हे दाखवणारी जमीन हाच त्यांच्याविषयीचा उरलेला दस्तऐवज आहे.

म्हणूनच असईला स्मारक उभारण्याची कल्पना पुढे येईल तेव्हा वॉटर्लूचे उदाहरण डोळ्यांसमोर असले पाहिजे. तेथे १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या सिंहाच्या टेकडीसाठी लागणारी प्रचंड माती रणांगणावरूनच उपसली गेली, आणि वेलिंग्टनच्या बचावाचा आधार असलेला उंचवटाच त्यामुळे ठिकठिकाणी सपाट झाला. आपली रणभूमीच बदलून टाकली, असे उद्गार वेलिंग्टनने काढल्याचे सांगितले जाते. पुढे १९१४ मध्ये बेल्जियमने कायदा करून उरलेल्या भूप्रदेशाला संरक्षण दिले. भारताच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात वास्तू, लेणी, शिलालेख, दफनस्थाने आणि अवशेष असलेली स्थळे यांचा विचार आहे. पण नदीचा उतार किंवा दोन गावांमधली मोकळी दृष्टिरेषा या गोष्टी त्याच्या व्याख्येत सहज बसत नाहीत, आणि असईचे महत्त्व तर नेमके त्यांतच आहे.

तेथील शेती थांबवून उद्यान करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. नांगराखालची जमीन आपला चढ-उतार बऱ्याच अंशी टिकवते, तर भराव, वाळूउपसा आणि काठांचे सपाटीकरण तो एका हंगामात पुसून टाकू शकतात. म्हणून शेतकऱ्याचा हक्क अबाधित ठेवूनच संरक्षणाची आखणी व्हायला हवी. पिंपळगाव-वरूड यांमधील उतार, कंपूंची फळी वळली तो पट्टा आणि असईची जुईकाठची बाजू यांची मोजणी करून, नदीपात्र १८०३ नंतर किती सरकले हे तपासून, जुन्या लष्करी नकाशांसह ती मराठीत प्रसिद्ध करणे हे विद्यापीठे आणि राज्य पुरातत्त्व विभाग यांच्या आवाक्यातले काम आहे, आणि चौथरा वा पुतळा यांच्या कितीतरी आधी ते व्हायला हवे.