उद्याची पारख आज करावी काय?

संधिवाताच्या रोग्यास मेथोट्रेक्सेट नावाचे औषध देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेले, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि वेळीच लक्षात न आल्यास रोगी दगावतो. अशा चुका अनेक देशांत घडल्या आहेत.

आता औषधशास्त्राचा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. हे औषध शरीरात कसे काम करते, हे तो उत्तरपत्रिकेत अचूक लिहितो. परंतु उद्या वॉर्डात, घाईने लिहिलेल्या कागदावर त्याला ‘रोज’ असा शब्द दिसला, तर तो थांबेल काय? मोठ्या डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य त्याला होईल काय?

विद्यार्थ्यास वॉर्डात पाठविण्यापूर्वीच शिक्षकांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. आपल्या देशात २००८ साली फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. अमेरिकेत याच नावाच्या पदवीसाठी अखेरच्या टप्प्यात निदान १,४४० तासांचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागतो. तेथे २०१६ साली अमलात आलेल्या नियमांनी, वर्गातील शिक्षण संपत आलेल्या विद्यार्थ्यांची देशभर एकाच स्वरूपाची चाचणी घेणे आवश्यक केले होते. आधीचे गुण व अशा चाचण्या यांवरून पुढे कोण अडखळेल, याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्नही होत आले आहेत.

असा अंदाज बांधणे न्याय्य आहे काय? कोणी म्हणेल, “मुलाने अद्याप काही चूक केलेली नाही, मग न केलेल्या चुकीची शिक्षा त्याला का?” या बोलण्यात तथ्य आहे. समजा, अमुक गुण मिळविणाऱ्या दहांपैकी आठ जण अडखळतात असे आढळले. तरी उरलेले दोघे कोण, हे आकडा सांगत नाही. शिवाय ज्याला अडवून ठेवले, तो वॉर्डात कसा वागला असता हे कोणालाच कधी कळत नाही. म्हणजे त्याच्याबाबत आपला अंदाज खोटा ठरण्याची सोयच उरत नाही. जो न्यायाधीश आपली चूक कधी पाहूच शकत नाही, त्याने फार नम्र असले पाहिजे.

पण वाचकहो, खाटेवरील रोग्याचा विचार कोणी करावयाचा? विद्यार्थ्याला संधी मिळावी म्हणून त्या रोग्याने आपला जीव धोक्यात घालण्याचे कबूल केलेले नसते. “जाऊ द्या, गरिबाचे पोर आहे, शिकेल हळूहळू,” असे म्हणून डोळेझाक करणे सोपे असते. परंतु दुसऱ्याच्या जिवावर केलेली दया ही दया नव्हे.

तेव्हा मला वाटते, खरा भेद वेळेचा आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षी बांधलेला अंदाज हा इशारा मानावा, निकाल मानू नये. ज्याची गणिते चुकतात त्याला डोस काढण्याचा सराव द्यावा. जो बुजरा आहे त्याला बोलते करावे. स्कॉटलंडच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी परीक्षेची एक पद्धत मांडली. तीत विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो, ठरलेल्या वेळात प्रत्यक्ष काम करून दाखवितो; कधी रोग्याची भूमिका करणाऱ्या माणसाशी बोलतो. औषधशास्त्रातही ही पद्धत आता वापरतात. तेथे तो काय करील याचा तर्क करावा लागत नाही; तो काय करतो ते दिसते. वॉर्डाच्या दाराशी मात्र अशी कसोटी खरी असावी, आणि जो उतरला नाही त्याला स्पष्ट ‘अजून नाही’ म्हणावे. ‘कधीच नाही’ मात्र म्हणू नये.

एक गोष्ट आणखी. “मला ठाऊक नाही, विचारून सांगतो,” असे म्हणता येणे हे तयारीचे मोठे लक्षण होय. पण ज्या वॉर्डात प्रश्न विचारणाऱ्याला सर्वांदेखत हिणवले जाते, तेथे चांगला विद्यार्थीही गप्प राहावयास शिकतो. मग चूक घडली की आपण म्हणतो, मुलगा तयार नव्हता. त्याला घेणारे आपण तयार होतो काय, हेही कोणी तरी आधी पारखावयास हवे.