नाव एकाचे, मोटर दुसऱ्याची

वीजबिलाची थकबाकी तीन ठिकाणी टाकता येते: बिलावर ज्याचे नाव आहे त्याच्यावर, ज्याने वीज वापरली त्याच्यावर, किंवा जिथे ती वापरली गेली त्या जागेवर. नाव, वापर आणि जागा एकाच माणसाकडे असतात तोवर वाद उद्भवत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात शेतीपंपाच्या जोडणीत ही तिन्ही फुटायला एक पिढी पुरते. वडील वारतात, सात-बाऱ्यावर वारसांची नावे लागतात, भावांत वाटणी होते; बिल मात्र वडिलांच्याच नावाने येत राहते. तलाठ्याकडे नोंद लावल्याशिवाय जमिनीचे पान हलत नाही. महावितरणकडे नाव न बदलताही मोटर चालते.

नमुन्यादाखल राहुरी तालुक्यातील एक कल्पित कुटुंब घेता येईल. थोरला भाऊ विहिरीवर ऊस करतो. धाकटा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्या वाट्याचा तुकडा कोरडवाहू. वडिलांच्या नावची मोटर ५ अश्वशक्तीची, जोडणी विनामीटर, त्यामुळे बिल वापरावर नव्हे तर अश्वशक्तीवर. थोरल्याने ते वर्षानुवर्षे भरलेले नाही. आता धाकट्याने बोअर घेतला आणि नव्या जोडणीसाठी अर्ज केला, तेव्हा सेक्शन ऑफिसात उत्तर मिळाले: आधी वडिलांची बाकी भरा. हा पेच तो चुलत्यांपुढे मांडतो.

पुतण्या: नाना, त्या मोटरीचं पाणी मी एक दिवस घेतलेलं नाही. मग बिल मी का भरू?

चुलता: दादानं भरावं, हे गावात कुणीही म्हणेल. पण ऑफिसला दादा कसा दिसणार? त्यांच्याकडे कागद तुझ्या बापाच्या नावाचा. बापामागं वारस तुम्ही दोघं.

पुतण्या: वायरमनला दिसतो की दादा. स्टार्टर कोण दाबतं ते त्याला ठाऊक आहे.

चुलता: वायरमनला ठाऊक असणं निराळं आणि कागदावर असणं निराळं.

कायद्याने महाराष्ट्रात वापरापेक्षा जागेला धरले आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेतील विनियम १०.५ नुसार मयत ग्राहकाची किंवा आधीच्या मालकाची थकबाकी हा त्या जागेवरचा बोजा ठरत असे आणि तो वारसांकडे किंवा नव्या मालकाकडे जात असे. २०२१ च्या नव्या संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. त्यातली मेख परंतुकात आहे: नव्या मालकाकडून जास्तीत जास्त ६ महिन्यांची थकबाकी मागता येते, कायदेशीर वारसाला ही मर्यादा लागू नाही.

पुतण्या: म्हणजे दादानं विहिरीसकट जमीन परक्याला विकली असती, तर त्याच्या अंगावर ६ महिने, आणि माझ्या अंगावर सगळं?

चुलता: परक्यानं पैसे मोजले असते. तुला जमीन बापाकडून आली. आलेलं घ्यायचं आणि त्यावरचं देणं नाकारायचं, हे कसं चालेल?

पुतण्या: पण परका घेण्याआधी चौकशी करू शकला असता. थकबाकी पाहून भाव पाडला असता, नाही तर सौदा सोडला असता. मला सौदा सोडायची सोय होती का?

हा आक्षेप हलका नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ईशा मार्बल्स प्रकरणात लिलावात जागा घेणाऱ्याला आधीच्या मालकाच्या थकबाकीतून मोकळे केले होते. १९ मे २०२३ च्या के. सी. निनान निकालात, वैधानिक आधार असेल तर जुनी बाकी भरण्याची अट नव्या जोडणीआधी घालता येते, असे ठरले. लिलावात ‘जसे आहे तसे’ घेणाऱ्याने आधी चौकशी करावी, ही अपेक्षा त्या निकालात आहे. खरेदीदाराला ती लावणे रास्तच. वारसाला मात्र ती लागत नाही, आणि तरी जास्त ओझे त्याच्याच वाट्याला येते.

चुलत्यांचा आधार जुना आहे. मिताक्षरेनुसार बापाचे ऋण फेडणे हा मुलाचा धर्म. जुगार, मद्य अशा गैरकामांसाठी केलेले कर्ज तेवढे वगळलेले. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती आखून दिली. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, केवळ पुत्रधर्म म्हणून मुलावर दावा लावण्याचा मार्ग त्यानंतरच्या कर्जांपुरता बंद केला. म्हणजे धर्म म्हणून मागता येत नाही, बोजा म्हणून येतो. धाकट्याच्या दृष्टीने फरक एवढाच की त्याच्या पगाराला हात लागत नाही, जमिनीला लागतो.

पुतण्या: बरं, बोजा जागेवर. मग जागा कुठली? विहीर दादाच्या गटात, माझा बोअर वेगळ्या गटात. फेरफार वेगळा, सात-बारा वेगळा.

चुलता: इथं तुझं म्हणणं जड आहे. हे लेखी मांड. तोंडी भांडून सेक्शन ऑफिसात काही निघत नाही.

या जिल्ह्याला दुसऱ्याच्या नावाच्या आणि वाडवडिलांच्या कर्जाचा इतिहास आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यात उठलेले सावकारांविरुद्धचे दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना एक महत्त्वाचा अधिकार दिला: रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा आरंभापासूनचा हिशेब तपासायचा. मूळ किती, व्याज किती, भरणा किती.

आजच्या थकबाकीत त्या तपासणीची जागा ‘सीपीएल’ने घेतली आहे. ग्राहकाच्या खात्याचा हा महिनावार उतारा महावितरणकडून मागता येतो. शेतीपंपाच्या जुन्या बाकीत विलंब आकार आणि व्याज यांचा वाटा मोठा असू शकतो, आणि विनामीटर जोडणीत बंद पडलेल्या मोटरीवरही अश्वशक्तीने आकारणी चालू राहू शकते. उतारा न पाहता बाकी कोणाची यावर भांडणे म्हणजे बाकी किती हे न विचारताच ती कबूल करणे होय.

पुतण्या: नाना, एक सांगा. इतकी वर्षं दादानं भरलं नाही, तर कनेक्शन तोडलं का नाही? कायद्यात १५ दिवसांची नोटीस देऊन तोडता येतं ना?

चुलता: येतं. पण उभ्या उसात मोटर बंद केली तर गाव अंगावर येतं. पुढारी फोन करतात. मग एखाद्या मार्चमध्ये अख्खी डीपीच सोडवतात, आणि भरणाऱ्याचंही पीक वाळतं.

पुतण्या: म्हणजे थांबवणं त्यांच्या हातात होतं, त्यांनी थांबवलं नाही. दादाच्या हातात होतं, त्यानंही नाही. ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याला पकडलं.

इथे वादाला खरी कसोटी मिळते: थकबाकी वाढत असताना ती थांबवणे कोणाला शक्य होते? ही कसोटी नाव, वापर आणि जागा या तिन्हींपेक्षा न्याय्य वाटते, पण ती धाकट्यालाही पूर्ण सोडत नाही. वडील गेल्यावर नाव बदलण्याचा अर्ज तोही करू शकत होता. वाटणीत विहीर सोडताना जोडणीही सोडल्याचे लिहून देऊ शकत होता. दुसरीकडे सावेडीतला घरमालक पाहा: मीटर त्याच्या नावे, बिल थकवतो भाडेकरू, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार पुरेशा कारणाविना त्याचा पुरवठा तोडायला मालकाला मनाई. मालकाकडे नाव आहे, बटण नाही. अशा मालकाने डिपॉझिट न घेणे म्हणजे आपणहून जामीन राहणे.

चुलता: आमच्या मुळा-प्रवरेचं तेच झालं. मी दर बिल भरत होतो. पावत्या अजून आहेत.

श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही १९६० च्या दशकाअखेर देशात प्रायोगिक म्हणून आखलेल्या पाच ग्रामीण वीज संस्थांपैकी एक. राज्य वीज मंडळाकडून, पुढे महावितरणकडून, घाऊक वीज घेऊन ती श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि लगतच्या भागात वाटायची. संस्थेची थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेली. ३१ जानेवारी २०११ ला परवाना संपला आणि १ फेब्रुवारीपासून या भागाचा पुरवठा महावितरणकडे गेला. पावत्या जपलेला ग्राहक कोणाचा देणेकरी नव्हता, पण त्याच्या भागाच्या नावावर ही बाकी बोलली जाऊ लागली. इथेही पुरवठा करणाऱ्याने वर्षानुवर्षे पुरवठा चालू ठेवला होता.

पुतण्या: मग आता मी करू काय?

चुलता: सीपीएल काढ. दोन वर्षांहून जुनी रक्कम बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवली आहे का, ते बघ.

हा मुद्दा वीज कायदा, २००३ च्या कलम ५६(२) चा आहे. अशी रक्कम सलग दाखवलेली नसेल तर ती वसूल करण्यासाठी पुरवठा तोडता येत नाही. निनान निकालानुसार दिवाणी दाव्याचा मार्ग मात्र वेगळा राहतो. चालू जोडणीच्या बिलाविषयी वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील ६ महिन्यांच्या सरासरीने येणारा आकार, यांपैकी जे कमी ते निषेध नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. वेगळ्या गटाचा मुद्दा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढे मांडता येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

पुतण्या: आणि पाणी हातचं जाऊ नये म्हणून भरून टाकलं तर?

चुलता: तर पावती तुझ्या नावानं घे. दादाकडून मागता येतं.

भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ६९ हेच सांगते: जे देणे कायद्याने दुसऱ्यावर आहे ते स्वतःच्या हितासाठी कोणी भरले, तर त्याला ती रक्कम त्या दुसऱ्याकडून परत मिळण्याचा हक्क आहे. थोरला स्वतःही वारस असल्याने त्याचा हिस्सा नाकारता येत नाही. संपूर्ण वापर त्याचाच होता हे दाखवायला वाटणीपत्र, पीकपाहणीतील उसाच्या नोंदी आणि साखर कारखान्याच्या बिलाची पट्टी उपयोगी पडते.

पुतण्या: भावावर दावा लावू, नाना?

चुलता: आधी त्याला पावती दाखव. आणि या वेळी कागद करताना ग्राहक क्रमांक, बाकीचा आकडा आणि कुणी भरायची ते सगळं त्यात लिहून घे.