मावळत्या अध्यक्षांचा हिशेब

विद्वानांच्या संघटनेचा अध्यक्ष पायउतार होताना जे भाषण करतो, त्याचा साचा जगभर सारखाच असतो. किती परिसंवाद झाले, सभासद किती वाढले, अधिवेशनाला गर्दी किती होती आणि कोणाकोणाचे आभार. अमेरिकेतल्या नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनचा इतिहास वाचताना मला सारखे वाटत राहिले, की या पदाचा खरा हिशेब अशा भाषणांत येतच नाही.

ही संघटना जुनी आहे. १९१४ मध्ये शिकागोत वक्तृत्व शिकवणारे १७ अध्यापक इंग्रजीच्या अध्यापकांच्या संघटनेतून बाहेर पडले. आपला विषय इंग्रजी साहित्याची शेपटी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जेम्स ओ'नील पहिले अध्यक्ष झाले, १९१५ मध्ये त्रैमासिक निघाले, आणि पुढे नावे बदलत बदलत १९९७ मध्ये आजचे नाव आले.

इथे अध्यक्षपद एकाच वर्षाचे. निवडून आलेली व्यक्ती आधी द्वितीय उपाध्यक्ष होते, मग प्रथम उपाध्यक्ष, मग अध्यक्ष आणि शेवटी वर्षभर मावळते अध्यक्ष. या रचनेत शहाणपण आहे. कोणी एकदम खुर्चीत बसत नाही, आणि उतरल्यावरही अनुभव लगेच वाया जात नाही. पण प्रथम उपाध्यक्षाच्या वर्षी वार्षिक अधिवेशनाची सगळी आखणी त्याच व्यक्तीच्या गळ्यात पडते, आणि उत्साहाचा मोठा वाटा तिथेच खर्ची पडतो. अध्यक्षपदाचे वर्ष उजाडते तेव्हा पुढचा वारस पुढच्या अधिवेशनाच्या तयारीला लागलेला असतो. ज्या प्रश्नाचा चार-पाच वर्षे पाठपुरावा करावा लागतो, तो अशा व्यवस्थेत एका अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे नुसता सोपवला जातो.

असा एक प्रश्न या संघटनेत दीर्घकाळ पडून होता. 'डिस्टिंग्विश्ड स्कॉलर' हा तिचा मोठा मान. नियम असा, की नवे मानकरी आधीच्या मानकऱ्यांनीच निवडायचे. विद्वानांची पारख विद्वानांनीच करावी, हा विचार वरवर बिनतोड वाटतो आणि त्यामागे दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. पण माणूस स्वतः जे करत आला त्यालाच तो उत्कृष्ट समजतो. आपली अभ्यासपद्धती, आपले विद्यार्थी, आपण ज्यांचे दाखले देतो ते लेखक, यांच्या पलीकडे त्याची नजर सहसा जात नाही. २०१९ पर्यंत या मानाचे ७० मानकरी झाले होते आणि त्यांतला एक सोडला तर बाकी सगळे गोरे होते.

हे चक्र एका पुरस्कारापुरते नाही. २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ कम्युनिकेशन'मध्ये पॉला चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. या विद्याशाखेत कोणाचे लेखन छापले जाते, कोणाचे दाखले दिले जातात आणि संपादक मंडळांवर कोण बसते, हे त्यांनी मोजून दाखवले. तिन्ही ठिकाणी गौरेतर अभ्यासक कमी होते. दाखले कमी, म्हणून नाव कमी. नाव कमी, म्हणून संपादकपद नाही. आणि संपादकपद नाही, म्हणून पुढच्या पिढीचे लेखनही अडते.

आता एक तारीख लक्षात घ्यावी. हॉवर्ड विद्यापीठाचे ऑर्लँडो टेलर १९९९ मध्ये या संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. त्या निवडीचे मोल मोठेच आहे. तरीही मानकरी निवडायचा तो नियम त्यांच्यानंतर २० वर्षे टिकला. दरवर्षी नवे अध्यक्ष आले, भाषणे झाली, पण शिखरावरचा माणूस बदलून खालचा नियम बदलत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

२०१९ मध्ये नियामक मंडळाने निवडीचा अधिकार मानकऱ्यांकडून काढून घेतला, तेव्हा वादळ उठले. अनेक मानकऱ्यांनी सह्या करून निषेधाचे पत्र दिले. गुणवत्तेपेक्षा ओळख मोठी ठरेल, असे एका नियतकालिकाच्या संपादकांनी लिहिले आणि तरुण अभ्यासकांनी त्या नियतकालिकाकडे पाठ फिरवली. मानकऱ्यांचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. पदाधिकाऱ्यांनी निवड समिती नेमायची म्हटले की वशिल्याची वाट उघडते. तो धोका खराच आहे आणि त्यावर पहारा हवा. पण ज्या नियमातून ७० जणांत एकच वेगळा माणूस निघतो, तो नियम टिकवण्यासाठी हे कारण पुरेसे नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण आंतरराष्ट्रीय माध्यम संशोधकांच्या संघटनेचे. तिला आयएएमसीआर म्हणतात. युनेस्कोच्या आधाराने ती १९५७ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. लीस्टर विद्यापीठाचे जेम्स हॅलोरन १९७२ ते १९९० अशी १८ वर्षे तिचे अध्यक्ष होते. तो शीतयुद्धाचा काळ होता. तरीही तिची अधिवेशने १९७८ मध्ये वॉर्सात, १९८० मध्ये काराकासला, १९८४ मध्ये प्रागला आणि १९८६ मध्ये नवी दिल्लीत भरली. दोन्ही गटांतल्या अभ्यासकांना एका टेबलाशी बसवायचे, तर माणसामाणसांतला विश्वास लागतो आणि तो वर्षभरात कमावता येत नाही. पण १८ वर्षे म्हणजे संशोधकांची एक अख्खी पिढी. तिने दुसरा अध्यक्ष पाहिलाच नाही. पुढे तिथे चार वर्षांची मुदत आली आणि मला ती योग्य वाटते. एखादा नियम हाती घेऊन तो तडीला नेण्याइतका वेळ त्यात मिळतो, आणि खुर्चीला चिकटण्याइतका मिळत नाही.

वाचकांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असतील, निदान सभासद तरी असतील. पुढच्या सर्वसाधारण सभेत मावळत्या अध्यक्षांचे आभार जरूर माना. पण त्याआधी त्यांना विचारा, की आपल्याकडे निवड समितीला कोण निवडते आणि तो नियम तुमच्या कारकिर्दीत एकदा तरी तपासला गेला का? जे उत्तर मिळेल ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.