विषाची परीक्षा

जुन्या मालावर नव्या तारखा छापणाऱ्यांच्या बातम्यांनी संताप उसळला, तो रास्तच. पण त्या बातम्यांचं निमित्त करून घरोघरी जी फेकाफेक चालली आहे, तिचा राग जास्त येतो. बिस्किटं, पोहे, मसाले, तारीख उलटली की सगळं कचऱ्यात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘उगाच विषाची परीक्षा कशाला?’ काळजी एवढी खरी असती, तर रात्रीचा भात ओट्यावर राहिला नसता. भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, उबेत वाढतात आणि त्यांचं एक विष सकाळच्या फोडणीनेही जात नाही. त्या पातेल्यावर तारीख नसते, म्हणून भीतीही नसते. आणि ज्या बिस्किटांना आपण विष म्हणतो, तीच ‘टाकण्यापेक्षा मावशींना देऊ’ म्हणून पिशवीत भरली जातात. आपल्या मुलाला चालत नाही ते त्यांच्या मुलाला कसं चालतं?

‘बेस्ट बिफोर’ म्हणजे चव आणि कुरकुरीतपणा यांची हमी. ती उलटल्यावरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो, असं अन्नसुरक्षेचे नियमच मानतात. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ उलटली, की मात्र खायचं नाही. वासावरून सगळं कळतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खवट पीठ नाकाला कळतं, पण रोगजंतूंना वास असतोच असं नाही. शिवाय छापलेली मुदत बंद पाकिटाची, तीही सांगितलं तसं ठेवलं तर. पनीर एकदा फोडलं की तिचा भरवसा संपला. 2020 च्या नियमांनी एक्स्पायरी सक्तीची आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक केली. त्यामुळे घरात आल्यावर तारखेशी हुज्जत घालायला फारशी जागा उरत नाही, खरा निर्णय दुकानातच होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार, 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घरांतून. भारतीय घरांचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलो आहे. यात साली-देठंही आली आणि सगळा दोष तारखांचा नाही, हे मान्य. पण ‘एकावर एक फुकट’ म्हणून आणलेलं दुसरं पाकीट कोण खाणार, हे घेतानाच ठाऊक असतं. तीच गोष्ट आज रात्रीच खाऊन संपणाऱ्या दह्याची. त्यासाठी फळीच्या तळाशी हात घालून सर्वांत लांबच्या तारखेचा डबा ओढायची गरज नसते. पुढचे डबे तिथेच पडून मुदतीबाहेर जातात. ही सवय सुटेल अशी फार आशा नाही. निदान त्याच दिवशी खायचं असेल, तेव्हा तरी पुढचा डबा उचला.