जवळीक आहे, ओळख नाही

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूचा विषय काढला असता, तर तपशिलांची रीघ लागली असती. वांद्र्यातल्या घराच्या खोल्या, त्याची औषधं, त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद, सगळं लोकांना तोंडपाठ होतं. त्याच महिन्यात देशात कित्येक दिवस रोज नव्वद हजारांवर नवे करोनारुग्ण सापडत होते. एप्रिल ते जून या तिमाहीत अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आक्रसल्याचं ३१ ऑगस्टला जाहीर झालं होतं. ८ सप्टेंबरला रियाला अटक झाली आणि वाहिन्यांचे कॅमेरे तिच्या गाडीमागे धावले.

लोक उथळ होते म्हणून हे घडलं, असं मी मानत नाही. घरात कोंडलेल्या, धास्तावलेल्या माणसांना ज्या दुःखाला चेहरा होता ते जवळचं वाटलं. रुग्णसंख्येच्या आलेखाला चेहरा नव्हता. दोष त्या कळवळ्याचा नाही. तो कळवळा कुठे वळवला गेला याचा आहे.

दुसऱ्यांच्या घरात डोकावणं जुनंच आहे, त्यात नवं काय, असं यावर म्हटलं जातं. चाळीच्या गॅलरीत, पारावर, नळावर चकाट्या पिटल्या जातच होत्या, आणि त्यांनी कितीतरी बायकांचं जगणं नकोसं केलं. त्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण त्या बोलण्याला परतीची वाट होती. जिच्याबद्दल कुजबुज चाले ती दुसऱ्या दिवशी नळावर भेटे, तोंडावर जाब विचारू शके. तिच्या घरी मयत झालं की कालपर्यंत नावं ठेवणाऱ्याच सगळ्यात आधी धावत जात. एखाद्या नटीच्या घटस्फोटाचं आपल्याला सगळं कळतं, तेव्हा यातलं काहीच घडत नाही. आपण तिच्या उपयोगी पडत नाही, तिला आपण आहोत हेही ठाऊक नसतं. मनात मात्र शेजारणीसाठी असलेली जागा तीच अडवून बसते.

दिवस संपताना येणारा शीण माहिती फार झाल्यामुळे येतो, असं आपण समजतो. मला कारण वेगळं दिसतं. नील पोस्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८५ च्या पुस्तकात तारायंत्रापासूनचा माग काढत दाखवलं होतं, की दूरच्या बातम्या येऊ लागल्या तसं माणसाला कळणारं आणि त्यावर त्याला करता येण्याजोगं यातलं अंतर वाढत गेलं. आता ते अंतर तळहातावर येऊन बसलं आहे. जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली. चिखलातून माणसं शोधणाऱ्या जवानांचं चित्र फोनवर आलं, आणि बोट जरासं वर सरकवलं की त्याच आकाराच्या चौकटीत विमानतळावर दिसलेल्या कुणाच्या तरी कपड्यांचं कौतुक. हळहळ पुरती होण्याआधीच पुढचं समोर. असं दिवसभर शंभर वेळा अर्धवट हळहळायचं आणि अर्धवट हसायचं. मन थकणार नाही तर काय होईल?

यावर ‘फोन बाजूला ठेवा’ हा सल्ला तोकडा आहे. कधीच न संपणारं पान २००६ च्या सुमारास अमेरिकी डिझायनर एझा रास्किन यांनी घडवलं, आणि त्याचा पुढे झालेला परिणाम पाहून त्यांनी स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. मुंबईत जिमच्या फाटकाबाहेर छायाचित्रकार तासन्‌तास उभे असतात. नट गाडीतून उतरला की नावाने हाका, दहा पावलांचं चित्रण, आणि तो आत पोचेपर्यंत ते आपल्या फोनवर. कित्येकदा नटाच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्यांनीच आधी कळवलेलं असतं. त्या पोरांचं पोट त्यावर आहे, त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण आपलं लक्ष मिळवण्यासाठी इतकी माणसं आणि इतका पैसा राबत असताना एकट्याने मन आवरावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

यात हरवतं काय? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं दार ठोठावायला उरलं नव्हतं. कारभार प्रशासकाच्या हाती. पुण्यातही तेच. बातम्या येत होत्या, नाही असं नाही. पण या काळात कुठल्या नटाचं कुणाशी बिनसलं हे सांगू शकणारे आणि आपल्या प्रभागाला नगरसेवक नाही हे सांगू शकणारे, यांची बरोबरी झाली असती असं मला वाटत नाही. शहर आपलं, कर आपला, आणि इथे आपण काही करूही शकलो असतो.

आणि ज्या प्रकरणाने तेव्हा घरं भरली होती, त्याचं पुढे काय झालं? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सुशांतच्या प्रकरणातल्या वार्तांकनावर निकाल देताना, असे माध्यमी खटले न्यायदानात अडथळा आणतात असं स्पष्ट बजावलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. घातपाताचा पुरावा आढळला नव्हता. महिनोन्‌महिने चाललेल्या आरोपांच्या मानाने ही बातमी दिवस-दोन दिवसांत विरली. २०२० मध्ये ज्या घरांत रियाला खुनी ठरवून जेवणं उरकली होती, तिथे हा अहवाल कुणी मोठ्याने वाचून दाखवला असेल का? संपादकांकडे माझी मागणी एवढीच आहे: आरोपाला जेवढी जागा दिली, तेवढीच, त्याच पानावर, त्याच टायपात निष्कर्षालाही द्या.