धाब्याच्या घराची जाहिरात

लोणारच्या विवरापासून आमचे खेडे फार दूर नाही. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा आम्हां पोरांना कधी नवलाचा वाटला नाही. रोज दिसणाऱ्याचे कसले नवल! २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले, त्याच वर्षी रामसर यादीत त्याचे नाव गेले, येणाऱ्याजाणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आणि माझ्या पुतण्याला आमच्या जुन्या घराची आठवण झाली.

"काका, शहरातली माणसं मातीच्या घरात दोन रात्री राहायचे पैसे देतात. त्यांना काहीतरी वेगळं पाहिजे असतं. तुम्ही लेखक, जाहिरातीचा मजकूर तेवढा लिहून द्या."

घर धाब्याचे. सागाचे खांब, त्यांवर तुळया, काटक्या, पालापाचोळा आणि वर वीतभर पांढरी माती. दरसाल मृगाआधी आई डोक्यावरून टोपल्या वाहून ती माती नव्याने घाली. तरी आषाढात ते गळेच. मग घरातली सारी भांडी जमिनीवर मांडली जात आणि त्यांच्यामधल्या कोरड्या जागेत आम्ही भावंडे अंग चोरून निजत असू. आईने आयुष्यभर एकच मागणे मागितले: डोक्यावर स्लॅब. मास्तरकीच्या पगारात ते पुरे करायला मला चाळिशी गाठावी लागली.

आता ज्यातून ती सुटली, तेच मी 'मातीचा गारवा' म्हणून विकायला मांडायचे? कल्पित लिहिणे हा माझाच धंदा, हे खरे. परंतु कादंबरी हाती घेणाऱ्याला ती कल्पित आहे हे ठाऊक असते. मुक्कामाला येणाऱ्याला ठाऊक नसते. पुतण्याच्या खर्ड्यात तर 'दोनशे वर्षांचा वाडा' असे होते. घर माझ्या आजोबांनी १९५८ साली बांधले.

शेगावच्या भक्तनिवासात उतरणाऱ्याला वेगळेपण नकोच असते. स्वच्छ खोली मिळाली की पुरे. उलट उत्तर स्वीडनमध्ये यूकासयार्वी गावी दर हिवाळ्यात बर्फाचे हॉटेल नव्याने उभारतात, आणि वसंतात ते वितळणार हे पाहुण्यापासून कोणी लपवीत नाही. मग आम्ही काय विकणार होतो? दुसऱ्याने सोसलेले, त्यातले सोसणे तेवढे वगळून. किल्ला पाहताना दगड वाहणाऱ्यांचे खांदे तरी कोणाला आठवतात, असे कोणी म्हणेल. म्हणो. ते खांदे केव्हाच मातीत गेले. माझी आई ओसरीवर बसलेली आहे.

शेवटी तिलाच विचारले. वाटले होते, चिडेल. ती म्हणाली, "राहू दे की त्याहीले. पण माती टाकाले जी बाई येईन, तिची मजुरी आधी, मंग तुमचा नफा. अन् गळते म्हणून सांगजा."

मजकूर मी लिहून दिला. त्यात १९५८ साल आहे, गळण्याची हकीकत आहे, भांडी कोठे मांडावीत तेही आहे. पुतण्याने तो दोनदा वाचला.

"काका, अशानं येईल कोण?"

अजून त्याने तो छापलेला नाही, फाडलेलाही नाही.